सरसावा हवाईतळावरचे युद्धस्मारक : ‘नुब्रा’च्या चौघांची आठवण तळावर का जपली जाते?

१३ जुलै २०२४ रोजी तत्कालीन हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातल्या सरसावा हवाईतळावरील युद्धस्मारकाला पुष्पचक्र वाहिले. कारगिल विजयाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त हवाई दलाने १२ ते २६ जुलै या काळात आयोजित केलेल्या कार्यक्रमांचे हे ठिकाण होते. दिवंगतांच्या कुटुंबीयांचा सत्कार झाला, राफेल, सुखोई आणि जॅग्वार विमानांनी कसरती केल्या, शाळकरी मुलांसह पाच हजारांहून अधिक लोकांनी त्या पाहिल्या. चौधरी हे मूळचे नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे. कारगिलच्या हवाई मोहिमेत त्यांनी स्वतः उड्डाणे केली होती.

कारगिल म्हटले की मिराज विमाने आणि टायगर हिल आठवते. श्रीनगर, अवंतीपूर, आदमपूर ही तळांची नावेही कानावरून गेलेली असतात. त्या यादीत सरसावा सहसा नसते. तरीही रौप्यमहोत्सवासाठी हवाई दलाने याच तळाची निवड केली, त्यामागे २८ मे १९९९ च्या सकाळची एक घटना आणि चार नावे आहेत.

२८ मे १९९९ रोजी काय घडले?

कारगिलच्या उंच शिखरांवर घुसखोर बसल्याचे मे १९९९ च्या पहिल्या पंधरवड्यात स्पष्ट होत गेले. २५ मे रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने हवाई दलाच्या वापरास परवानगी दिली, मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. २६ मे रोजी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झाले.

दुसऱ्याच दिवशी दोन लढाऊ विमाने गेली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले. ते विमानातून बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. त्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी थांबलेले स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ ला क्षेपणास्त्र लागले आणि आहुजा यांचा मृत्यू झाला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे २८ मे रोजी, द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरावरील शत्रूच्या ठाण्यांवर रॉकेटचा मारा करण्याची कामगिरी एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या तुकडीवर सोपवण्यात आली. तुकडीचे सांकेतिक नाव होते ‘नुब्रा’. ती सरसावा तळावरच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटची होती. या युनिटचे बिरुद ‘द मायटी आर्मर’. हल्ला झाला, रॉकेट सुटली आणि परत वळताना एका हेलिकॉप्टरला खांद्यावरून डागता येणारे स्टिंगर क्षेपणास्त्र लागले. त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले : स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. चौघांनाही मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) देण्यात आले.

पाडल्या गेलेल्या त्या हेलिकॉप्टरकडे क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी लागणारी ज्वाळा सोडणारी यंत्रणा नव्हती. उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राला इंजिनाऐवजी दुसरीकडे ओढून नेण्यासाठी अशा जळत्या ज्वाळा विमानातून सोडतात. क्षेपणास्त्राच्या टप्प्यात शिरणाऱ्या संथ हेलिकॉप्टरसाठी ते बचावाचे एक महत्त्वाचे साधन असते.

हेलिकॉप्टर पाठवायचे की नाही, यावरचा वाद

त्या वेळी हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. कारगिलच्या सुरुवातीला हवाई दलाच्या प्रमुखपदी एक मराठी अधिकारी होता आणि पंचवीस वर्षांनी सरसावाला पुष्पचक्र वाहणाराही मराठी, हा योगायोग. टिपणीस यांचा संबंध मात्र केवळ योगायोगाचा नाही, कारण हेलिकॉप्टरांच्या वापराला हवाई दलाच्या मुख्यालयाने सुरुवातीला हरकत घेतली होती.

मेच्या मध्यावर लष्कराने हवाई दलाकडे जी मदत मागितली, तिचा मुख्य भाग सशस्त्र हेलिकॉप्टरांचा होता. चढाई करणाऱ्या पायदळाला वरून मारा करून वाट मोकळी करून हवी होती आणि हेलिकॉप्टर हे त्यासाठी हाताशी असलेले साधन वाटत होते. हवाई दलाचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. पहिला, हवाई बळाचा वापर म्हणजे संघर्षाची पातळी वाढवणे आणि त्यासाठी सरकारची परवानगी हवी. दुसरा तांत्रिक : या उंचीवर हेलिकॉप्टर सहज लक्ष्य होईल. हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी २००६ मध्ये पुस्तकातून आपली बाजू मांडली, टिपणीस यांनीही त्याच वर्षी लेख लिहून आपली. दोघांची कथने सगळीकडे जुळत नाहीत.

तांत्रिक मुद्दा मात्र समजून घेण्यासारखा आहे. तोलोलिंगचा परिसर पंधरा हजार फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. हेलिकॉप्टरची पाती जेवढी हवा खाली ढकलतात तेवढाच त्याला उठाव मिळतो, आणि हवाच कमी असेल तर वळण्यासाठी, वेग वाढवण्यासाठी किंवा झटकन बाजूला होण्यासाठी लागणारी शक्ती उरत नाही. इंजिनालाही पुरेसा प्राणवायू मिळत नाही. रॉकेट आणि इंधनाने भरलेले एमआय-१७ अशा ठिकाणी जेमतेम उडते. त्यातच ५७ मिलिमीटरच्या रॉकेटचा नेम साधायचा तर लक्ष्याच्या बऱ्यापैकी जवळ जावे लागते.

डोंगरातल्या लढाईत आणखी एक उलटापालट होते. सपाटीवर स्टिंगर डागणारा सैनिक जमिनीवर असतो आणि हेलिकॉप्टर त्याच्या वर. कारगिलमध्ये तो सैनिक स्वतःच शिखरावर बसलेला होता, म्हणजे हेलिकॉप्टर त्याच्या समोर किंवा कधी कधी खालीसुद्धा. क्षेपणास्त्राला उंची गाठावी लागतच नव्हती. या धोक्याची खूण आधीच मिळाली होती. २१ मे रोजी टेहळणीसाठी गेलेल्या कॅनबेरा विमानाला असेच क्षेपणास्त्र लागले होते; ते विमान एका इंजिनावर कसेबसे श्रीनगरला उतरले.

२८ मे नंतर हवाई दलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामगिरीतून काढून घेतले. लढाऊ विमानांनी खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, म्हणजे बऱ्याच अधिक उंचीवर राहून मारा करण्याची पद्धत स्वीकारली. जूनच्या उत्तरार्धात मिराज-२००० विमानांनी लेझरने नेम धरणारे बॉम्ब टायगर हिलवर टाकले ते याच बदलाचा भाग म्हणून. तोलोलिंग शिखर पायदळाने १३ जूनच्या पहाटेपर्यंत चाललेल्या झुंजीत परत मिळवले.

हेलिकॉप्टरे युद्धातून बाहेर पडली असे मात्र नाही. जखमींना खाली आणणे, रसद आणि माणसे पोहोचवणे यासाठी हेलिकॉप्टरांची दोन हजारांवर उड्डाणे झाली. त्यांचा उल्लेख युद्धकथांत क्वचित येतो. विमानांच्या हल्ल्यांची संख्या, सुमारे पाच हजार, जास्त वेळा सांगितली जाते.

चार माणसे, दोन पायऱ्या

लढाऊ विमान पडले की बातमीत एक नाव येते. कारगिलमधले मिग-२१ आणि मिग-२७ एकाच आसनाचे होते, त्यामुळे विमान आणि वैमानिक यांची नावे कायमची जोडली गेली. हेलिकॉप्टरचे तसे नसते. एमआय-१७ उडवायला दोन वैमानिक लागतात आणि त्यांच्या मागे यंत्रणेवर नजर ठेवणारा फ्लाइट इंजिनीअर आणि शस्त्रे सांभाळणारा फ्लाइट गनर असे सहकारी असतात. वैमानिक अधिकारी असतात. मागचे सहकारी बहुधा सार्जंट, कॉर्पोरल, वॉरंट ऑफिसर अशा हुद्द्यांवरचे.

‘नुब्रा’च्या चौघांत दोन अधिकारी आणि दोन सार्जंट होते. हवाई दल अलीकडे सर्वांसाठी मिळून ‘एअर वॉरियर’ हा शब्द वापरते, पण सार्वजनिक स्मरणात फरक राहतोच. पाठ्यपुस्तकांत, चित्रपटांत, चौकांच्या नावांत वैमानिक येतात. इंजिनीअर आणि गनर फारसे येत नाहीत. लढाईच्या क्षणी चौघांचा धोका एकसारखा होता, आणि बाहेर पडण्याची आसने हेलिकॉप्टरमध्ये कुणालाच नव्हती. चौघांना एकच पदक मिळाले ही नोंद म्हणूनच महत्त्वाची आहे.

तळावरच का?

लष्कराचे कारगिल युद्धस्मारक द्रासला, तोलोलिंगच्या पायथ्याशी, महामार्गालगत आहे. लढाई जिथे झाली तिथेच ते उभे आहे आणि पर्यटक तिथे पोहोचू शकतात. हवाई दलाची अडचण वेगळी असते. विमान किंवा हेलिकॉप्टर जिथे पडते ती जागा म्हणजे एखादा कडा, हिमनदी, जंगल किंवा समुद्र. तिथे स्मारक उभारणे अनेकदा शक्य नसते आणि उभारले तरी कोणी जाणार नाही. कित्येकदा ती जागा परक्या देशात असते.

म्हणून हवाई दलाच्या परंपरेत तळाला महत्त्व आहे. युनिट तिथे राहते. हेलिकॉप्टर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, हवामान सांगणारे, इंधन भरणारे, क्वार्टर्समध्ये राहणारी कुटुंबे हे सगळे तिथे असते. सरसावाहून द्रास शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि युद्धकाळात युनिटची हेलिकॉप्टरे पुढच्या तळांवरून काम करत होती. पण युनिट परत यायचे ते सरसावालाच. परत न आलेल्यांची आठवण म्हणून तिथेच ठेवली जाते.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. हवाई दलात दर काही वर्षांनी बदली होते. आज १५२ हेलिकॉप्टर युनिटमध्ये उडणाऱ्या तरुण वैमानिकांपैकी अनेक जण १९९९ मध्ये शाळेत होते किंवा जन्मलेही नव्हते. ज्यांनी त्या चौघांना पाहिले, ते निवृत्त झाले. माणसे बदलत राहणाऱ्या ठिकाणी युनिटची ओळख टिकवण्याचे काम दगडाच्या स्मारकाला आणि वर्षातून एकदा होणाऱ्या संचलनाला करावे लागते.

‘मिसिंग मॅन’ म्हणजे काय?

सरसावाच्या कार्यक्रमात एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरांनी ‘मिसिंग मॅन’ रचनेत उड्डाण केले. ही जगभरच्या हवाई दलांतली मानवंदनेची पद्धत आहे. विमानांचा थवा ठरलेल्या आकारात उडतो, मात्र एक जागा रिकामी ठेवलेली असते. किंवा डोक्यावर आल्यावर एक विमान थव्यातून निघून सरळ वर जाते. खालून बघणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

भारतात ही मानवंदना कारगिलच्या विसाव्या वर्षी जास्त चर्चेत आली. २७ मे २०१९ रोजी पंजाबमधील भिसियाना तळावर तत्कालीन हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल बिरेंदर सिंग धनोआ यांनी स्वतः मिग-२१ उडवत अजय आहुजा यांना अशी मानवंदना दिली. १९९९ मध्ये धनोआ हे आहुजांच्याच १७ व्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. दलप्रमुखाने निवृत्तीच्या काही महिने आधी लढाऊ विमानात बसून जुन्या सहकाऱ्यासाठी उड्डाण करणे ही नेहमीची गोष्ट नव्हे.

नाशिकचे निनाद आणि बडगामचे सहा जण

महाराष्ट्राच्या वाचकाला हेलिकॉप्टर चमूच्या स्मरणाचा प्रश्न सर्वांत जवळून भिडला तो २०१९ मध्ये. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी रोजी पाकिस्तानी विमानांनी प्रतिहल्ला केला. त्याच सकाळी श्रीनगर तळावरून उडालेले १५४ हेलिकॉप्टर युनिटचे एमआय-१७ व्ही-५ अवघ्या काही मिनिटांत बडगाम जिल्ह्यात कोसळले. त्यात नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. नाशिकमध्ये गोदाकाठी त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला आणि त्या दिवशी शहर रस्त्यावर उतरले होते.

त्या हेलिकॉप्टरमध्ये हवाई दलाचे सहा जण होते. चंडीगडचे स्क्वॉड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, झज्जरचे सार्जंट विक्रांत सेहरावत, वाराणसीचे कॉर्पोरल विशाल कुमार पांडे, कानपूरचे कॉर्पोरल दीपक पांडे, मथुरेचे कॉर्पोरल पंकज कुमार आणि नाशिकचे मांडवगणे. जमिनीवर एका स्थानिक नागरिकाचाही मृत्यू झाला. सहा पार्थिवे सहा गावांना गेली, सहा ठिकाणी गर्दी झाली, आणि प्रत्येक ठिकाणच्या वृत्तपत्रांनी आपल्या माणसाबद्दल लिहिले. नाशिकमध्ये बाकीच्या पाच जणांची नावे किती जणांना सांगता येतील? झज्जरमध्येही मांडवगणे हे नाव अनोळखीच असणार. यात गैर काही नाही. गाव आपल्या मुलाची आठवण ठेवते. पण जे सहा जण शेवटच्या उड्डाणात एकत्र होते, त्यांची नावे एकाच ओळीत येण्याची जागा युनिटच्या तळाशिवाय दुसरीकडे क्वचितच मिळते.

बडगामच्या घटनेत आणखी कठीण सत्य होते. हे हेलिकॉप्टर शत्रूने पाडलेले नव्हते. श्रीनगर तळावरूनच डागलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले होते. चौकशीनंतर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नवे हवाई दलप्रमुख राकेश कुमार सिंग भदौरिया यांनी जाहीरपणे हे मान्य केले आणि ती मोठी चूक असल्याचे सांगितले. अपघात झाला तेव्हा देशात निवडणुकीचे वातावरण होते आणि कारण उघड व्हायला सात महिने लागले. सहा कुटुंबांनी तो काळ कसा काढला असेल, याची कल्पना करता येते. कारण कोणतेही असो, ते सहा जण कर्तव्यावर असताना गेले, हे त्यामुळे बदलत नाही.

कोणाचे नाव लागते, कोणाचे नाही

स्मारकावरच्या नावामागे एक कागदी प्रक्रिया असते. संरक्षण दलांत मृत्यूंची नोंद ढोबळमानाने दोन गटांत होते : युद्ध किंवा मोहिमेतील मृत्यू, आणि इतर. पहिल्या गटाला ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. सरावाच्या उड्डाणात विमान कोसळून वैमानिक गेला, तर तो कर्तव्यावर असतानाचा मृत्यू असतो, पण पहिल्या गटात येतोच असे नाही.

फरक केवळ शब्दांचा नाही. युद्धातील मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराइतके असते, तर कर्तव्यावरील अपघाती मृत्यूनंतरचे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या ६० टक्के. दिल्लीत इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत बळी पडलेल्यांची नावे आहेत. उद्घाटनावेळी तिथल्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या भिंतींवर २५,९४२ नावे होती. शांततेच्या काळात सरावात गेलेल्या वैमानिकांची संख्या भारतीय हवाई दलात काही थोडी नाही. मिग-२१ च्या अपघातांची चर्चा तर अनेक वर्षे संसदेत आणि न्यायालयात होत राहिली. त्या घरांसाठी राष्ट्रीय पातळीवरची भिंत उपलब्ध नसेल, तर उरते ते युनिट आणि तळ.

थडगे नसलेल्यांचे काय?

विमानदलाच्या स्मारकांचा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. हजारो विमाने समुद्रात पडली, जळून गेली, सापडलीच नाहीत. ब्रिटनमध्ये रनिमीड येथे १९५३ मध्ये उभारलेल्या स्मारकावर थडगे नसलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात हरवलेल्यांची नावे सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय हवाई दलातील, ज्यांचे अवशेष मिळाले नाहीत अशांचे स्मरणही तिथेच होते.

नाव कोरण्यासाठी एक गोष्ट निश्चित असावी लागते, ती म्हणजे मृत्यू. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्या बाबतीत नेमकी तीच निश्चित झाली नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी ३२ व्या स्क्वॉड्रनचे तांबे सुखोई-७ विमानातून पाकिस्तानातील शोरकोट रोड हवाईतळावर हल्ला करायला गेले आणि परतले नाहीत. त्याच दिवशीच्या ढाक्यातील एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या नावांत तांबे यांच्या नावाशी जुळणारे एक नाव छापून आले. युद्धकैदी परत आले तेव्हा तांबे त्यांत नव्हते.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू. लग्नाला फार काळ झालेला नव्हता. पुढची अनेक दशके त्यांनी १९७१ च्या बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांसोबत पाठपुरावा केला. २००७ मध्ये अशा कुटुंबांतील १४ जण पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोध घेऊन आले. हाती काही लागले नाही. १९७१ चे युद्धकैदी आपल्या ताब्यात नाहीत, अशी पाकिस्तानची भूमिका कायम आहे. ‘बेपत्ता चोपन्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यादीतील अनेक जण हवाई दलाचे आहेत. अशा घरांना श्रद्धांजलीचा कार्यक्रमही सोपा नसतो. पुष्पचक्र स्वीकारणे म्हणजे शोध थांबवणे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

महाराष्ट्रात काय पाहता येते?

सरसावासारख्या तळावरचे स्मारक सर्वसामान्यांना एरवी पाहता येत नाही. तळ सुरक्षित क्षेत्र असतो. एखाद्या वर्धापनदिनी किंवा निमंत्रणावरच आत प्रवेश मिळतो. ठाणे, भिवंडी, अंबाडी या पट्ट्यातल्या वाचकाला या विषयाशी संबंधित जागा बघायच्या असतील तर पुणे त्यातल्या त्यात जवळ.

पुण्यातील लोहगाव तळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी सुरू केला. महायुद्धाच्या काळात तिथे मॉस्किटो, वेलिंग्टन, स्पिटफायर ही विमाने होती, १९४७ मध्ये तो भारतीय हवाई दलाकडे आला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक करणारी कॅनबेरा विमाने पुण्याहूनच उडाली होती. हा तळ आजही कार्यरत आहे, त्याच्या धावपट्टीवरून नागरी विमानेही उडतात, पण लष्करी भागात जाता येत नाही.

पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये, घोरपडीच्या बाजूला, दक्षिण मुख्यालयाचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. पुढे तिथे एक मिग-२३ बीएन विमान ठेवण्यात आले, कारगिल युद्धात वापरलेले. या जातीची विमाने हवाई दलातून मार्च २००९ मध्ये निवृत्त झाली. मुले त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. हे विमान पाहताना एक गोष्ट लक्षात येते : महाराष्ट्रात आणि इतरत्रही चौकात, उद्यानात, महाविद्यालयाच्या आवारात ठेवलेली निवृत्त विमाने बहुतेक लढाऊ जातीची असतात. जखमींना उतरवून आणणारे हेलिकॉप्टर चबुतऱ्यावर ठेवलेले फारसे दिसत नाही.

खडकीची युद्ध दफनभूमी त्या मानाने शांत आणि कमी परिचित. राष्ट्रकुल युद्ध स्मशान आयोगाच्या देखभालीखाली असलेल्या या जागेत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक थडगी आहेत, त्यांत हवाई दलातलेही. इथली रचना पाहण्यासारखी आहे. आयोगाने पहिल्या महायुद्धानंतरच ठरवले की अधिकारी आणि साधा सैनिक यांच्या थडग्यांत आकाराचा किंवा दगडाचा फरक करायचा नाही. त्यामुळे बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक आणि त्याच विमानातला तोफ चालवणारा सार्जंट एकाच मापाच्या शिळेखाली असतात. हुद्दा दगडावर कोरलेला असतो, त्याने दगड मोठा होत नाही. शिळेवर सर्वांत वर दलाचे चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव आणि मृत्यूची तारीख. खाली एखादी ओळ कुटुंबाने निवडलेली. काही शिळांवर ती जागा मोकळी आहे.